दरीत आधी कोण राहत होतं

जयवंतच्या सभ्यपणाचा आजवर कुणाला त्रास झाला नव्हता, आणि झाला असला तरी तो सभ्य माणूस म्हणून लोकांनी तो पोटात घातला होता. लिफ्टमध्ये सगळे शिरल्यावर शिरणारा, मीटिंगमध्ये सगळ्यांचं बोलून झाल्यावर घसा खाकरणारा, शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या अंगणात आली तर फांदीबद्दल न बोलता तिच्याखालून वाकून जाणारा असा हा गडी. त्याची बायको नीला म्हणायची, "घरात चोर सापडला ना, तरी हा आधी विचारेल, चहा कसा घेता? साखर किती?"

हेन्डरसनमधल्या एका लहानशा इंजिनिअरिंग कंपनीत तो सर्व्हेअर होता. पश्चिम ऑकलंडच्या निसरड्या टेकड्यांवर कुठे घर बांधावं आणि कुठे बांधायचा नादही करू नये, हे लोकांना सांगण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि नको तिथेच घर बांधायचे. खरं तर त्याला इतिहास शिकायचा होता. पण पिंपरीत कारखान्यात नोकरी करणाऱ्या वडिलांनी बारावीच्या निकालादिवशीच सांगून टाकलं होतं, "इतिहास आपल्याला पुष्कळ माहीत आहे. तू डिप्लोमा कर." तो त्याने केला, आणि त्या डिप्लोमाच्या जोरावर न्यू लिनमध्ये तीन खोल्यांचं घर झालं. तेव्हा वडील चुकले असं म्हणायला तोंड नव्हतं.

अशा माणसाच्या हाती पन्नाशी उलटल्यावर एकदम इतिहास आला. कंपनीला पवनचक्क्यांचं काम मिळालं. ताइहापे गाव मागे टाकून कच्च्या रस्त्याने बराच वेळ वर चढत गेलं की डोंगरांच्या कुशीत एक उंचावरची दरी लागते. नकाशावर तिचं नाव बॅक्स्टर्स फ्लॅट. वारा तिथे असा की मेंढरंसुद्धा तिरकी उभी राहतात. त्या वाऱ्याची वीज करायची होती, आणि परवानगीच्या अर्जाबरोबर एक प्रकरण जोडायचं होतं: या दरीतल्या मानवी वस्तीचा इतिहास. असली प्रकरणं लिहिणारी बाई, इथल्या रिवाजाप्रमाणे, जास्त पगारावर ऑस्ट्रेलियाला गेली होती. साहेबाने टेबलाभोवती नजर फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा जयवंतने सगळ्यांच्या आधी हात वर केला.

पुढचे दोन महिने तो घरात असून नसल्यासारखा होता. जेवताना बॅक्स्टर, झोपताना बॅक्स्टर. हा बॅक्स्टर दीडशे वर्षांपूर्वी बैलगाड्या घेऊन दरीत आला, मेंढ्या सोडल्या, दगडी चूल बांधली. मग ससे आले. सशांनी मेंढ्यांच्या तोंडचं गवत खाल्लं आणि सशांनी बॅक्स्टरला खाल्लं. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने परतलेल्या सैनिकांना तिथे जमिनीचे तुकडे दिले. बिचाऱ्यांनी खंदकातला चिखल पाहिला होता, त्यांना बक्षीस म्हणून आणखी चिखल मिळाला. त्यांनी जंगल तोडून जाळलं, गवत पेरलं, शाळा काढली, नाचायला हॉल बांधला आणि त्या हॉलसाठी एक पियानो घसरगाडीवरून वर ओढत नेला. अख्ख्या हिवाळ्यात दुसऱ्या बाईचं तोंड न पाहिलेल्या बायका त्या पियानोभोवती जमून रडल्या, असं कुणीतरी लिहून ठेवलेलं त्याने वाचलं आणि त्याचेही डोळे भरून आले. जंगल गेल्यावर डोंगर खचायला लागले. मंदी आली. एकेक कुटुंब खाली उतरलं. शेवटचं कुटुंब जाताना फाटक उघडंच टाकून गेलं.

जयवंतने हे सगळं इतकं जीव लावून लिहिलं की साहेब म्हणाला, मेट, परवानगी देणारे वाचताना रडतील, थोडं कमी कर.

राहिला प्रश्न बॅक्स्टरच्या आधीचा. जुन्या कागदांत याबद्दल फक्त एवढंच होतं की इथले मूळ लोक हंगामात पक्षी आणि ईल मासे धरायला वर यायचे आणि निघून जायचे. जयवंत काही खुळा नव्हता. जमीन ज्याने घेतली त्याच्याच तोंडून आधी ती रिकामी होती हे ऐकायचं, यात काय गोम असते ते त्याच्यासारख्या माणसाला कुणी शिकवायला नको होतं. म्हणून त्याने स्वतःहून तिथल्या माओरी लोकांच्या कचेरीत फोन लावला. फोनवरचा तरुण म्हणाला, "वरच्या दरीचं विचारायचंय? मग आंटी रावीनियाकडे जा. दुसरं कुणी नाही."

आता इथे जयवंतच्या वडिलांबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आपल्याकडे एक प्रश्न लोक मोठ्या गोड आवाजात विचारतात. "गाव कुठलं तुमचं?" तालुका सांगितला की गाव. गाव सांगितलं की, "अच्छा, गावात कुठे?" आणि एवढं होऊनही पत्ता लागला नाही तर, "पूर्ण नाव काय म्हणालात?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू तेवढ्यात कुठेही हलत नाही, फक्त पाण्याचा पेला पुढे यायचा तो जरा उशिरा येतो. जयवंतच्या वडिलांनी तो उशीर जन्मभर मोजला होता. त्यांनी मुलांना एकच नियम घालून दिला. "जो गाव विचारतो त्याला गाव नको असतं. आपण कुणाला विचारायचं नाही. ज्या दारातून आपल्याला हाकललं, त्याच दारावर आपण पहारेकरी व्हायचं नाही. माणूस समोर बसलाय तेवढा पुरे." घरात बुद्धाची मूर्ती होती, बाबासाहेबांचा फोटो होता, आणि तिसरा हा नियम होता. जयवंतने तिन्ही गोष्टी जपून ऑकलंडला आणल्या. मराठी मंडळात कुणी विचारलं, "पुण्यात कुठले?" की तो म्हणायचा, "न्यू लिनचा." लोक हसायचे आणि विषय तिथेच संपायचा.

तर हा माणूस थंडीच्या तोंडावर एका सकाळी रावीनियाच्या दारात उभा राहिला.

रावीनिया ऐंशीच्या पुढची, उंच, ताठ. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे समोरच्याकडे बघताना हा गृहपाठ करून आलाय की नाही असा भाव. "किया ओरा. ये, ये. वारा आत आणू नकोस." टेबलावर इस्त्री केलेला पांढरा टेबलक्लॉथ, पावासारखे गोडसर स्कोन, फेजोआ फळाचा जॅम, चहाची किटली. तिने त्याला खिडकीपाशी नेलं आणि बोट दाखवलं.

"तो माझा डोंगर," ती म्हणाली, आणि थांबून त्याच्याकडे पाहिलं.

"खूप सुंदर आहे," जयवंत म्हणाला.

ती आणखी जरा थांबली. मग दोघं बसले. चहा ओतता ओतता तिने विचारलं, "नो हेआ कोए? तू कुठला?"

"ऑकलंड. न्यू लिन."

ती हसली. "न्यू लिनला तू राहतोस. मी विचारलं, तू कुठला."

"इंडियाचा."

"इंडिया मोठा आहे. मी कधी कधी भूगोलाचा तासही घ्यायचे."

"पुण्याचा. शहर आहे मोठं." म्हणता म्हणता जयवंतने शाळेतल्यासारखी वही छातीशी धरली. पन्नाशी उलटली, समुद्र ओलांडले, पण तो प्रश्न जागच्या जागी होता.

"आणि शहराच्या आधी?"

"आधी असंच... आजूबाजूला."

रावीनियाने किटली खाली ठेवली. "बरं," ती म्हणाली. "एखाद्याला आपला डोंगर सांगायचा नसेल, तर नसेल."

जयवंतने सुटकेचा श्वास टाकला आणि घाईघाईने सैनिकांकडे वळला. शाळा कधी सुरू झाली, हॉल कुठे होता, रस्ता कुणी खोदला, पूल कधी झाला. रावीनिया विचारलं तेवढंच सांगत होती, आणि अचूक सांगत होती. मग पुलाचा विषय आल्यावर ती म्हणाली, "पूल झाला तेव्हा माझी आजी फार रडली होती म्हणे. म्हणाली, आता परक्यासारखं पुलावरून घरी जायचं."

घरी. जयवंतचं पेन थांबलं. तो शब्द त्याने ऐकला नाही असं म्हणायची सोय नाही, स्पष्ट ऐकला. घरी म्हणजे दरीत? आजी दरीतली? मग तुम्ही कुठल्या, कुणाच्या? प्रश्न जिभेच्या टोकापर्यंत आला. आणि तिथेच वडिलांचा आवाज आडवा आला. कुळ विचारतोस? मूळ विचारतोस? म्हातारी माणसं प्रेमाने चहा पाजतात आणि तू पहारेकरी होतोस? सांगावंसं वाटलं तर तीच सांगेल, असं त्याने मनाशी ठरवलं.

"पूल लाकडी होता की लोखंडी?" त्याने विचारलं.

रावीनिया त्याच्याकडे बघत राहिली. वर्गात उत्तर येत असून हात वर न करणाऱ्या पोराकडे मास्तरीण बघते, तशी. मग म्हणाली, "लोखंडी."

निघताना तिने उरलेले स्कोन कागदात बांधून त्याच्या हातात दिले. "परत ये," ती म्हणाली. "पण प्रश्न घेऊन ये." घरी येऊन जयवंतने नीलाला कौतुकाने सांगितलं, काय अगत्याची बाई आहे, परत बोलावलंय मला. माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसातून थकून आलेली नीला स्कोन खात म्हणाली, "मग जा की." तो गेला नाही. वर बर्फ पडायला लागलं होतं, आणि प्रकरण द्यायची तारीख जवळ आली होती.

प्रकरणात त्याने लिहिलं: बॅक्स्टरच्या आगमनापूर्वी या दरीत माणसं हंगामी येत-जात असत, कायम वस्ती असल्याचं आढळत नाही. 'नव्हती' असं लिहिलं होतं, ते खोडून 'आढळत नाही' केलं. मनाला कुठेतरी टोचलं असणार, त्याशिवाय माणूस असली कारागिरी करत नाही. मसुदा रीतसर त्या कचेरीलाही गेला. कचेरी म्हणजे दोन माणसं आणि एक फोन. अख्ख्या मुलखातले मसुदे त्यांच्या डोक्यावर येऊन आदळायचे. मुदत संपली, हरकत आली नाही, परवानगी मिळाली. आणि दरीत कुणी राहतच नव्हतं म्हटल्यावर वरच्या सपाटीवर खोदताना शेजारी लक्ष ठेवायला कुणी जाणता माओरी माणूस उभा करायची गरजही उरली नाही. एका वाक्याच्या अंगात केवढी ताकद असते, हे लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी कळतं.

जयवंतला ते वसंतात, म्हणजे इथल्या सप्टेंबरात, कळलं. साइटवरून फोन आला. पवनचक्कीच्या रस्त्यासाठी वरची सपाटी कापताना डिगरच्या तोंडाला हाडं लागली होती. आधी वाटलं मेंढ्यांची. मेंढ्यांची नव्हती. लहान होती, बरीचशी मुलांची. शेजारी चुलीचे काळे दगड, रताळी साठवायचे गोल खड्डे, एकाला लागून एक घरांच्या रेषा. काम बंद, पोलीस आले, पुरातत्त्वाची माणसं आली, खालून माओरी मंडळी आली. सगळं आता नियमाप्रमाणे चाललं होतं. फक्त त्यातली दोन लहान माणसं डिगरने आधीच मातीत मिसळून टाकली होती.

"आंटी रावीनियाला कळवलंत का?" जयवंतने विचारलं. "त्यांना माहीत असेल."

साइटवरच्या माणसाने फोन दुसऱ्या कुणाकडे दिला. "मी हेमी," पलीकडून आवाज आला. "तिचा भाचा. आंटी जुलैमध्ये गेली. तुला कुणी सांगितलं नाही?"

त्या संध्याकाळी जयवंत जेवला नाही. नीलाने समजूत घातली. "तू गेलास, विचारलंस, तिने नाही सांगितलं. तुझा काय दोष?" बायका नवऱ्याला घरात कितीही सोलून काढोत, बाहेरच्याने बोट दाखवलं की ढाल होतात. पण धम्मदीना, त्यांची मुलगी, युनिव्हर्सिटीत शिकणारी, इथेच जन्मलेली, फोन बाजूला ठेवून म्हणाली, "पप्पा, व्हॉट डिड यू आस्क हर?"

"सगळं. शाळा, पूल, रस्ता..."

"नो, आय मीन, तिला विचारलंस, हू शी वॉज? तिचे लोक कोण?"

"असं कसं विचारायचं?" जयवंत चिडला. "जात विचारल्यासारखं ते. आपल्या घरात नाही चालत."

"पप्पा, इट्स द ऑपोझिट हिअर! इथे ते विचारतात, आणि आपण सांगतो, सो दे नो व्हॉट यू बिलाँग टू. नाही विचारलं तर इट मीन्स यू डोन्ट केअर कुणाच्या घरात बसलोय. तिने तुला विचारलं असणार. शी वुड हॅव आस्क्ड फर्स्ट."

"विचारलं."

"आणि तू काय सांगितलंस?"

जयवंत पुटपुटला, "न्यू लिन."

धम्मदीनाने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती रागावलेली नव्हती, आणि तेच जयवंतला जास्त लागलं. "प्रायमरीत आम्हाला सगळ्यांना उभं राहून सांगायचं होतं," ती म्हणाली, "माझा डोंगर, माझी नदी, माझे लोक. मी तुला विचारलं तर तू म्हणालास, वाइताकेरेचा डोंगर लिही, जवळ आहे. सामोआच्या मुलीने दहा मिनिटं सांगितलं. माझं दोन वाक्यांत संपलं. आय थॉट वी केम फ्रॉम नोव्हेअर."

जयवंतला कायम वाटत आलं होतं की आपण मुलीला कोरी पाटी दिली. जे आपल्या पाठीवर होतं ते तिच्या पाठीवर येऊ दिलं नाही, याचा त्याला केवढा अभिमान. पोर त्या कोऱ्या पाटीपुढे एकटी उभी होती हे त्याला कधी दिसलंच नाही. त्याला फार वाईट वाटलं. मुलीसाठी वाटलं आणि रावीनियासाठी वाटलं, आणि कुणासाठी किती हे त्याला वेगळं करता येईना.

हाडं परत पुरायची ठरली त्या शनिवारी तो निघाला. कंपनीने सांगितलं होतं, वकिलांशी बोलल्याशिवाय जाऊ नकोस. सभ्य माणूस पहिल्यांदाच कुणाचं न ऐकता गाडीत बसला. धम्मदीना बरोबर आली. अर्धा रस्ता तिने गाडी चालवली आणि वाटेत त्याला घास भरवावा तसा डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, घेतलेला खिमा भरलेला मीट-पाय खायला लावला.

हेमी खाली रस्त्याच्या तोंडाशी भेटला. साठीचा, रुंद खांद्यांचा, पायांत जाड मोजे आणि जंडल्स म्हणतात त्या रबरी चपला. जयवंतने वाटभर घोकलेली माफी बोलायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला.

"ते नंतर. आधी सांग, तू कुठला?"

दुसरी कुठलीही शिक्षा जयवंतने आनंदाने घेतली असती. तो गाडीला टेकला. शेजारी धम्मदीना उभी होती. मग तो बोलला.

"गावाचं नाव तांबेगव्हाण. मराठवाड्यात. डोंगराला बोडका म्हणतात, त्याच्यावर झाड नाही. नदी नाही, ओढा आहे. वरच्या अंगाचं पाणी गावाचं, खालच्या अंगाचं आमचं. आमचं घर गावात नव्हतं. ओढ्यापलीकडे, महारवाड्यात. आजोबा येसकर होते. रात्रभर गावाची राखण करायचे आणि त्याबद्दल सकाळी दारोदार भाकरी मागायचे. दारात उभं राहायचं, आत नाही. वडील तिथून निघाले ते परत गेले नाहीत. नाव घेऊ नका म्हणाले. मी आज पहिल्यांदा घेतोय."

हे सगळं त्याने इंग्रजीत सांगितलं, फक्त नावं तेवढी मराठीत. येसकर शब्दाला त्याच्याजवळ इंग्रजी नव्हतं. धम्मदीना त्याच्याकडे बघत होती. तिच्या पणजोबांची भाकरी तिला आज, एका परक्या डोंगराच्या पायथ्याशी कळत होती.

हेमी पुढे आला. त्याने जयवंतच्या खांद्यावर हात ठेवला, माओरी रीतीने कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावलं. "तुझ्या डोंगराला किया ओरा," तो म्हणाला. "आता मला विचार."

"नो हेआ कोए?" जयवंतने विचारलं. उच्चार चुकला असेल.

हेमीने सांगायला सुरुवात केली. डोंगर, नदी, आई, आईची आई. "तिची आई वर जन्मली. या सपाटीवर. उन्हाळ्यातच नाही, बारा महिने राहायचे आमचे लोक. मग गोवराची साथ आली. पोरं गेली. उरलेल्यांनी पोरांना घराशेजारीच ठेवलं आणि शोकात खाली उतरले. परत वर जायचं म्हणत होते, तोवर त्या बॅक्स्टरचं कुंपण पडलं." त्याने वर सपाटीकडे पाहिलं. "पोरांची नावं मला माहीत नाहीत. आंटीला पाठ होती. दर वर्षी एकटी वर जायची आणि एकेकाला हाक मारून यायची. आम्हाला म्हणायची, शिकून घ्या. आम्ही म्हणायचो, घेऊ की आंटी, काय घाई आहे?"

"मी विचारलं असतं तर..."

"सांगितली असती. तुझ्यासाठी तिने माझ्या आईच्या लग्नातला टेबलक्लॉथ काढला होता. आम्ही तर घरचेच, आम्हाला काय. तू ऑकलंडहून पेन घेऊन आला होतास. तुझं प्रकरण सरकारदरबारी जाणार होतं. ती दोन दिवस आधीपासून नावं मोठ्याने म्हणत होती, एखादं सुटायला नको म्हणून." हेमीच्या आवाजात राग नव्हता, आणि असता तर बरं झालं असतं असं जयवंतला वाटलं. "तू गेल्यावर मला म्हणाली, पोरगा चांगला आहे. पण मी कोण हे त्याने विचारलं नाही, मग मी कुणाची नावं त्याच्या हातात द्यायची?"

जयवंतला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही. आपण त्या बाईचा मान राखला असं त्याला वाटत होतं. तिच्या दारात आलेला बहुधा शेवटचा विचारणारा माणूस तो होता, आणि त्याने न विचारून मान राखला होता. वडिलांचा नियम खोटा नव्हता. त्या नियमाने पिंपरीत किती माणसांची लाज राखली असेल. पण नियम ज्या दारासाठी केला होता ते दार वेगळं, आणि हे वेगळं, एवढं बघायला डोळे वर करावे लागतात. त्याने ते वहीतच घातले होते.

सगळे वर चढले. वारा होताच. सपाटीच्या वरच्या टोकाला, डिगरच्या खुणांपासून दूर, नवा खड्डा तयार होता. कापडात गुंडाळलेल्या लहान लहान पेट्या, आणि एक पेटी नुसत्या मातीची. ज्यांना मातीतून वेगळं काढता आलं नाही त्यांची. पन्नासेक माणसं जमली होती. त्यांच्यातला सगळ्यांत म्हातारा गृहस्थ काठीला टेकून उभा राहिला आणि प्रार्थना म्हणू लागला. शाळेत थोडी माओरी शिकलेली धम्मदीना वडिलांच्या कानाशी हळूच अर्थ सांगत होती. आधी तो डोंगराशी बोलला, मग पाण्याशी, मग जे आधी गेले त्यांच्याशी.

मग तो थांबला.

"आता नावं घ्यायची असतात," धम्मदीना कुजबुजली.

म्हाताऱ्याने जमलेल्यांकडे पाहिलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एका म्हातारीचे ओठ हलले, एक नाव अर्धं आलं, पण ते बरोबर आहे की नाही याची तिला खात्री नव्हती, आणि चुकीच्या नावाने पोराला हाक मारायची तिची छाती झाली नाही. तिने मान हलवली. जयवंत मागे उभा होता. सभ्य माणसाला त्या शांततेत कुठे उभं राहावं कळत नव्हतं.

शेवटी म्हाताऱ्याने काठी बाजूला दिली आणि गुडघ्यांवर बसला. खड्ड्यात वाकून त्याने मोठ्याने हाक मारली. अंगणात खेळणाऱ्या पोरांना तिन्हीसांजेला आत बोलवावं, तशी. नाव एकाचंही माहीत नसल्यामुळे त्याने नुसतं म्हटलं, "पोरांनो! ए पोरींनो!" आणि पेट्या खाली सोडल्या.